सासऱ्यांच्या ५९ डायऱ्या: आयोवातल्या एका शेतकऱ्याच्या आठवणी जमवतानाच्या नोंदी

माझे सासरे नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. ८६ वर्षांचे होते. शेवटचा मका बिनमध्ये (धान्याच्या कोठीत) पडला त्यानंतर नऊ दिवसांनी. चर्चच्या तळघरात जेवण झालं, हॅम सँडविच, बटाटे, बायकांनी घरून करून आणलेले बार्स, आणि तिथंच नातवंडं म्हणायला लागली की ग्रँपाचं काहीतरी नीट लिहून ठेवलं पाहिजे. पेपरात जे छापून आलेलं त्यात जन्म, लग्न, आर्मीतली दोन वर्षं, चर्च कौन्सिल, मागे कोण कोण राहिलं एवढं होतं. सगळं खरं होतं पण वाचून ते डोळ्यापुढं येत नव्हते. मग मी म्हणलं मी करते. मी सांगली जिल्ह्यातली, वाळवा तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली, या घरात २००३ ला आले. आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्सला राहतो, शेत तिथून गाडीनं पाऊण तासावर. थोरले दीर शेती बघतात, सासूबाई अजून त्याच घरात असतात.

ह्या नोंदी कामाच्या आहेत. कुणाला आपल्या घरातल्या माणसाचं असं काही करायचं असेल तर माझे गेलेले आठवडे तरी तुमचे वाचतील.

६ जानेवारी २०२४

सामान गोळा केलं. डायनिंग टेबलावर मावलं नाही म्हणून पिंगपाँगच्या टेबलावर मांडलं.

सासरे रोज रात्री शर्टाच्या खिशात मावणाऱ्या डायरीत लिहायचे. बियाण्याचा डीलर नाहीतर को-ऑप (शेतकऱ्यांची सहकारी संस्था) दरवर्षी फुकट द्यायचे त्या डायऱ्या, पेन्सिलनं, रोज दोन-तीन ओळी, फार तर चार. १९६२ साली लग्न झालं तेव्हापासून २०२३ पर्यंत म्हणजे ६२ पाहिजेत, मिळाल्या ५९. तीन वर्षं कुठं गेली कुणालाच सांगता येईना. शिवाय साधारण ६४० स्लाइड्स, चार ऑडिओ कॅसेट, एक बुटांचा खोका भरून पावत्या, आणि नणंदेची निळी कॉर्डरॉयची एफएफएची (शेती शिकणाऱ्या शाळकरी पोरांची संघटना) जॅकेट. जॅकेट कशाला ठेवली म्हणाल तर तिच्या खिशात पण एक चिठ्ठी होती.

पहिलं काम म्हणून प्रत्येक वस्तूवर नंबर टाकायला पाहिजे होता. ते मी केलं नाही. थेट वाचायलाच बसले, तीन तास, आणि उठले तेव्हा १९७१ मधली सुटी पानं १९७३ मध्ये गेली होती. ती परत लावायला एक अख्खी दुपार गेली. आधी नंबर, मग वाचन.

१३ जानेवारी

बर्फाचं वादळ, रस्ते बंद, शेतावर जायचा प्रश्नच नाही. तीस डायऱ्या मी घरी आणल्या होत्या म्हणून काम चाललं.

मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपनं करायला घेतलं. नका करू. ते अॅप पान ‘स्वच्छ’ करतं म्हणजे पार्श्वभूमी पांढरी करतं आणि त्यात फिकट पेन्सिल पण पुसून टाकतं. १९६० च्या दशकातली निम्मी अक्षरं गायब. २२० फोटो काढून झाल्यावर हे लक्षात आलं.

२८ जानेवारी

सेकंडहँड एप्सन व्ही ६०० स्कॅनर घेतला, १४० डॉलरला. आधी ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केल, पेन्सिल नीट येईना. मग ६०० डीपीआय रंगीत, सुंदर येतं, पण एका जोडपानाला जवळजवळ मिनिट जातं आणि डायरी उघडी दाबून धरली की तिची बांधणी चिरते. १९६६ ची डायरी अशीच माझ्या हातून मोडली. सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “तो पँटच्या मागच्या खिशात घालून ट्रॅक्टरवर बसायचा, तू काय मोडणार.” तरी मला रात्री झोप लागली नाही.

शेवटी नवऱ्यानं उपाय काढला. ट्रायपॉडवर कॅमेरा उलटा, खाली तोंड करून, दोन बाजूंना दोन दिवे ४५ अंशात, डायरी फोमच्या दोन तुकड्यांमध्ये अर्धी उघडी, वरून हलकी काच. एका जोडपानाला आठ सेकंद. काच १२ डॉलर, दिवे ४५. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. स्कॅनर मग फक्त स्लाइडसाठी ठेवला.

फाइलचं नाव तारखेनं सुरू करायचं, वर्ष-महिना-दिवस. बाकी कुठलीही हुशारी करू नका.

१० फेब्रुवारी

फोटो संपले, आता अक्षर लावणं. हस्ताक्षर ओळखणाऱ्या दोन प्रोग्रामना पानं देऊन बघितली, पेन्सिल आणि त्यांचे शॉर्टफॉर्म यांच्यापुढं दोन्ही हरले. मग दोन्ही पुतण्या शनिवारी यायला लागल्या, एक वाचणार, मी टाइप करणार. ग्रँपाचं अक्षर सुटं सुटं आहे ते त्यांना येतं, पण आजीनं मध्येमध्ये जोडून लिहिलेलं अक्षर (कर्सिव्ह) या वयाच्या पोरांना वाचता येत नाही, ते सासूबाईंनाच विचारावं लागतं.

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. दर वर्षी एप्रिलमध्ये पानामागून पान ‘नॉट फिट’ असं लिहिलेलं. १९७४ मध्ये सलग नऊ दिवस. मी समजले की तब्येत बरी नाही. मी तर एक परिच्छेदही लिहिला की तरुणपणी त्यांना दर वसंतात काहीतरी दुखणं असायचं आणि ते अंगावर काढून पेरणी करायचे. सासूबाईंना वाचून दाखवला तर त्या बघतच राहिल्या. “तो? आजारी? अगं जमीन फिट नाही असं आहे ते.”

वाफसा! वाफसा नाही. एवढंच लिहिलं होतं त्यांनी. माझे वडील उभ्या जन्मात हा शब्द हजार वेळा बोलले असतील, मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा फुटला तर वाफसा आला, नाही फुटला तर औत घालायचं नाही. सासरे पण तेच करायचे, मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तरी मला कळलं नाही कारण मी ते इंग्रजीत वाचत होते. त्या रात्री सगळ्या डायऱ्यांमध्ये माझ्यापुरतं समासात ‘वाफसा’ लिहीत गेले आणि मग एकेक एप्रिल उलगडत गेला. ‘वाफसा नाही. वाफसा नाही. वाफसा नाही. दुपारी आला. ३१ एकर मका.’

माझ्यासारखं करू नका, अर्थ लावायच्या आधी त्या माणसाबरोबर काम केलेल्या कुणाला तरी विचारा.

बाकी शॉर्टफॉर्मची यादी केली, ४३ भरले. डिस्क मारणं, कोळपणी, डुकरांच्या माद्या व्याल्या किती, पिल्लं किती मेली, पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात. ज्या दिवशी माझा नवरा जन्मला, मे १९७५, ती नोंद अशी आहे: ‘मुलगा, सकाळी ६.१०. पाऊस ०.४०. दोघं ठीक. माद्या ठीक.’ आधी मला हे कोरडं वाटलं होतं. मग पुढचं पान बघितलं. पुढचे दोन दिवस ऐन पेरणीत कोरे आहेत, शेतावर गेलेच नव्हते. ५९ डायऱ्यांत ऐन पेरणीतली कोरी पानं एवढीच.

२४ फेब्रुवारी

स्लाइड्स. व्ही ६०० मध्ये एका वेळी चारच बसतात. धूळ आपोआप काढणारा एक पर्याय असतो, इन्फ्रारेडवर चालणारा, तो मी चालू ठेवला. कोडाक्रोमच्या (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) स्लाइडवर तो नीट चालत नाही हे मला माहीत नव्हतं. मक्याच्या पानांच्या कडा फराटल्यासारख्या झाल्या, चेहऱ्यांवर डाग. १६० स्लाइड्स परत केल्या. आता हातपंपानं धूळ उडवायची, पर्याय बंद, आणि उरलेली धूळ राहू दे.

रंग मात्र काय टिकलेत. फारमॉल एम ट्रॅक्टरचा लाल आजही तसाच्या तसा. तो ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला आणि अजून शेडमध्ये आहे, चालू आहे, ऑगर (दाणे वर चढवणारा मोठा स्क्रू) फिरवायला वापरतात.

एक स्लाइड १९५९ च्या सप्टेंबरची आहे. सासरे २२ वर्षांचे, मित्राच्या पिकअपच्या टपावर उभे, रस्त्याकडेला गाड्यांची रांग. मागे लिहिलंय ‘कून रॅपिड्स’. रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह २३ सप्टेंबरला तिथं रॉझवेल गार्स्टच्या शेतावर मका बघायला आले होते, गर्दी पांगवायला गार्स्टनी पत्रकारांवर चाऱ्याचा मका फेकून मारला होता तोच दिवस. यांना फक्त पोलिसांच्या गाड्या दिसल्या. ही गोष्ट ते दर थँक्सगिव्हिंगला सांगायचे आणि दर वेळी शेवटी म्हणायचे की गार्स्टचा मका आमच्यापेक्षा फार काही चांगला नव्हता.

९ मार्च

कॅसेट. १९८३ साली नणंदेनं शाळेच्या कामासाठी वडिलांची मुलाखत घेतली होती. चारपैकी दोन कॅसेटमधला फेल्टचा छोटा दाबपट्टा गळून पडलाय त्यामुळे आवाज येतो जातो. उपाय असा, स्क्रूवाली रिकामी कॅसेट घ्यायची (चिकटवलेली नको, ती उघडताना तुटते) आणि जुन्या रिळी त्यात बदलायच्या. चौथ्यात टेप तुटली, सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पसरतो, स्प्लायसिंग टेपच आणा. सगळं मिळून १८ डॉलर. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या प्रोग्रामवर.

आवाज ऐकला आणि काम थांबलं. नवरा किचनमधून आला आणि तसाच उभा राहिला. त्यात नणंद विचारते, तुम्हाला शेतकरी व्हायचं होतं का. बराच वेळ नुसती खरखर. मग ते म्हणतात, “मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तर हो म्हणलो असतो.”

२३ मार्च

पुस्तकाच्या सुरुवातीला शेताचा नकाशा पाहिजे म्हणून तो काढला. इथं जमीन चौकोनात मोजलेली असते, एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर, त्याचा पाव १६०, त्याचा अर्धा ८०. डायरीत प्रत्येक तुकड्याला नाव आहे: घरचं, ओढ्याकडचं, पश्चिमेचं ४०, आणि ‘उ. ८०’ म्हणजे उत्तरेचं ८०. उत्तरेच्या ८० बद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय. १९७७ पासून शेवटच्या डायरीपर्यंत. पाऊस किती, पेरणी कधी, सोयाबीन कधी निघालं. मी नकाशात तो तुकडा हिरवा रंगवला, आपला म्हणून.

दुपारी थोरल्या दिरांना नकाशा दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला, काही बोलले नाहीत, टोपी घातली आणि मशीन शेडकडे गेले. मला कळेना काय चुकलं.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “ते ८० आपलं नाही. मी दहा वर्षांचा होतो तेव्हाच गेलं.”

२५ मार्च

काउंटी रेकॉर्डरच्या ऑफिसात (जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी तिथं असतात) गेले, रजा टाकून. नोंदी सगळ्यांना बघायला खुल्या असतात, प्रतीला पानामागं एक डॉलर पडला. ९ पानं घेतली. खरेदी १९७७. विक्री मार्च १९८६.

म्हणजे ३७ वर्षं ते विकलेल्या शेताचा पाऊस लिहीत होते.

घरी येऊन मी सगळ्या ‘उ. ८०’ च्या नोंदी वेगळ्या काढल्या. १९८६ च्या मार्चपर्यंत लिहिलंय ‘पेरलं’, ‘काढलं’. त्यानंतर ‘पेरताहेत’, ‘काढताहेत’. क्रियापदाचा एवढाच फरक आणि तो मी दोन महिने वाचून मला दिसला नव्हता. टाइप करताना सगळं एकसारखं करून टाकलं होतं मी, व्याकरण नीट करायच्या नादात! मूळ शब्दाला हात लावू नका, ‘चुकीचा’ वाटला तरी. ५९ डायऱ्यांतल्या या नोंदी मूळ फोटोवरून परत तपासल्या, ११ रात्री.

६ एप्रिल

प्रश्न असा होता की हे पुस्तकात घालायचं का. घरात या विषयावर कुणी कधी बोललेलं नाही. थोरले दीर नको म्हणत होते, नणंद घाल म्हणत होती. सासूबाईंना विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं ठरवून मी १९८५ ची डायरी घेऊन गेले.

त्यांनी कॉफी केली आणि सगळं सांगितलं, मी फक्त ऐकलं, रेकॉर्डर त्यांना विचारून चालू ठेवला होता. सत्तरच्या दशकात धान्याला भाव होता, रशियाला गहू-मका चालला होता, शेतीखात्याचे मंत्री अर्ल बट्झ सांगत होते की बांधापासून बांधापर्यंत पेरा. जमिनीचे भाव वर्षावर्षाला चढत होते, बँक स्वतःहून कर्ज द्यायची, तेव्हा हे ८० घेतलं. मग १९८० च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टरनी रशियाला धान्य पाठवणं थांबवलं, व्याज वाढत गेलं, सासूबाईंना १७ टक्के आठवतं. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी दरवर्षी जमिनीचा सर्व्हे करते त्यात राज्याचा सरासरी भाव १९८१ ला एकरी २,१४७ डॉलर होता आणि १९८६ ला ७८७. म्हणजे जमीन तारण ठेवून घेतलेलं कर्ज जमिनीपेक्षा मोठं झालं. ८० विकून घर आणि बाकीचं शेत वाचवलं. शेजारच्या दोन घरांचं सगळं गेलं.

१९८५ च्या डायरीच्या मागच्या कव्हरवर एक फोन नंबर आहे, सासऱ्यांच्या हातचा नाही. मी विचारलं हा कुणाचा. त्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागानं (एक्स्टेंशन) अडचणीतल्या शेतकऱ्यांसाठी हॉटलाइन सुरू केली होती, तिचा. “मीच लिहिलाय. मीच केला होता फोन, दोनदा. तो रात्री बार्नमध्ये जाऊन नुसता उभा राहायचा, दिवा न लावता. मला भीती वाटायची.” मग म्हणाल्या, “त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं मी फोन केला ते. घाल पुस्तकात. पोरांना कळू दे की असं झालं की फोन करायचा असतो.”

माझ्या माहेरच्या भागात कर्जापायी गेलेली माणसं मी बघितली आहेत, आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. मला त्या टेबलावर बसवेना. त्यांनीच मला नॅपकिन दिला.

थोरल्या दिरांना सासूबाईंनीच सांगितलं. त्यांनी एक अट घातली, बँकेचं नाव आणि शेजाऱ्यांची नावं नकोत. बरोबर आहे, काढली.

२० एप्रिल

पहिला मसुदा फसला. १९० पानं, वर्षाप्रमाणे, १९३७ ला जन्म इथून सुरू. पुतणीनं वाचून सांगितलं की हे पेपरातल्यासारखंच आहे फक्त लांब. खरं होतं.

आठवडाभर काही सुचेना. मग सगळं मोडून तुकड्यांप्रमाणे लावलं, शेताच्या तुकड्यांप्रमाणे. घरचं शेत: लग्न, मुलं, डुकरं, किचन. (१९९८ च्या डिसेंबरात डुकरांचा भाव शंभर पौंडाला १० डॉलरच्या खाली गेला आणि पुढच्या वर्षी डुकरं बंद, ते पण इथंच.) ओढ्याकडचं: १९९३ चा पूर, पोरांचं पोहायला शिकणं. पश्चिमेचं ४०: १० ऑगस्ट २०२० चं डेरेचो वादळ, ‘वारा. बिन गेला. मका झोपला. आम्ही ठीक.’ आणि उत्तरेचं ८० शेवटी, स्वतंत्र. असं लावल्यावर एका जागी १९६४ आणि २०१६ शेजारी शेजारी आले आणि माणूस दिसायला लागला, म्हणजे १९६४ ला त्याच कोपऱ्यावर ट्रॅक्टर रुतवणारा आणि २०१६ ला नातवाला तिथं रुतू नकोस म्हणून सांगणारा. १९० चं ११२ पानांवर आलं.

माझ्या वडिलांचं एक पान आहे त्यात. २००७ च्या जुलैमध्ये आई-वडील आले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मी ऑफिसात, नवरा ऑफिसात, आम्ही घाबरलेलो की दिवसभर काय करतील. संध्याकाळी गेलो तर दोघं सोयाबीनमधून येत होते, हातात उपटलेला मका, गेल्या वर्षी सांडलेल्या दाण्यांचा आपोआप उगवलेला. वडील म्हणाले भांगलण करून आलो. डायरीत त्या दिवशी आहे: ‘तिच्या वडिलांबरोबर सोयाबीन चाललो. त्यांना मका माझ्या आधी दिसतो. टाइलचं तोंड दाखवलं. त्यांना माहीत होतं.’ टाइल म्हणजे जमिनीखालची निचऱ्याची नळी, हा सगळा भाग मूळचा पाणथळ, नळ्या नसत्या तर इथं बदकंच असती. आणि आमच्याकडं कृष्णाकाठी जास्त पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनीत तेच करतात, सच्छिद्र पाइप पुरून. वडील ओढ्याच्या काठावर वाकून त्या नळीतून पडणारं पाणी हातात घेऊन बघत होते, चव घेतली, आणि सासऱ्यांकडं बघून मान हलवली, पाणी गोडं आहे. ते पान लिहायला मला वेळच लागला नाही.

१२ मे

छापून आलेली पहिली प्रत ४१ डॉलर, त्यात डायरीचे फोटो इतके गडद की पेन्सिल दिसत नाही. स्क्रीनवर उजळ दिसतं ते कागदावर दिसत नाही. दुसरी प्रत मागवली, परत ४१. पाऊस थांबत नाही, थोरल्या दिरांची पेरणी अडकलीय त्यामुळे त्यांनी वाचून द्यायची पानं पण अडकली. वाफसा नाही.

२७ मे

मेमोरियल डेला द्यायचं ठरलं होतं, हुकलं. थडग्यावर फुलं ठेवली. घरात बहुतेकांनी विचारलं की पुस्तक कुठं. झालं नाही म्हणून सांगितलं.

१५ जून

३० प्रती आल्या, १,२३० डॉलर. एकूण खर्च: स्कॅनर १४०, दिवे आणि काच ५७, दोन हार्डडिस्क १३०, कॅसेटचं १८, रेकॉर्डरच्या प्रती ९, दोन नमुना प्रती ८२, छपाई १,२३०. बेरीज १,६६६ डॉलर. चार भावंडांच्या घरांत वाटून घेतला. वेळ मी लिहून ठेवला होता, माझे ३१० तास.

एक प्रत उत्तरेच्या ८० च्या आताच्या मालकाला द्यायची असं सासूबाईंनी ठरवलं. १९८६ ला ज्यांनी घेतलं त्यांचा मुलगा. मी आणि सासूबाई देऊन आलो. तो तिथंच पोर्चवर शेवटचा भाग वाचत बसला, आम्ही उभ्याच. मग म्हणाला की त्याचे वडील दर एप्रिलमध्ये फोन करून सासऱ्यांनाच विचारायचे, ८० ला वाफसा आलाय का. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

२२ जून

त्याच शेजाऱ्याचा फोन. ८० च्या मधोमध खड्डा पडलाय, सोयाबीन पाण्यात, टाइल कुठंतरी फुटलीय पण लाइन कुठून जाते त्याचा त्याच्याकडं नकाशा नाही. पुस्तकात १९७८ च्या डायरीतलं एक चित्र छापलंय, तिथं टाइल घालताना सासऱ्यांनी काढलेलं, ते त्यानं बघितलं होतं.

मूळ फोटो मोठा करून पाठवला. ‘ईशान्येच्या कोपऱ्यातल्या पोस्टपासून ११२ पावलं पश्चिमेला, मेन.’ मेन म्हणजे मुख्य नळी. पोस्ट आता नाही पण कोपरा रस्त्यामुळं कळतो. ८११ ला फोन केला, खणायच्या आधी केबल-पाइप तपासून घ्यायला, दोन दिवस थांबावंच लागतं.

२९ जून

पाऊल तीन फुटांचं धरलं, ३३६ फूट. बॅकहोनं पाच फूट खणलं. काही नाही. आजूबाजूला अजून खणायचं तर उभं पीक जाणार.

मी गाडीत डायरी परत चाळली. त्याच महिन्यात मागच्या पानावर नुसते आकडे होते, मी ते कशाचे म्हणून सोडून दिले होते: ‘मेलबॉक्स ८८. बार्न ४१.’ पावलं! त्यांनी स्वतःचं पाऊल मोजून ठेवलं होतं. मेलबॉक्स अजून त्याच जागी आहे. घरी फोन केला, पुतणीनं टेप धरून मोजलं, मागच्या दारापासून मेलबॉक्स २४६ फूट. म्हणजे एक पाऊल २.८ फुटांचं. ११२ पावलं म्हणजे ३१४ फूट. आम्ही २२ फूट पुढं खणत होतो.

दुसऱ्या खड्ड्यात सव्वाचार फुटांवर बकेट थांबली आणि पुढचं फावड्यानं केलं. लाल भाजलेल्या मातीची जुनी मेन, एक तुकडा आत कोसळलेला, मातीनं गच्च. थोरले दीर खड्ड्यात उतरले, कुणी सांगितलं नव्हतं. ३८ वर्षांत ते या शेतात पहिल्यांदा पाय ठेवत होते. प्लॅस्टिकचा तुकडा जोडून वरून खडी टाकली. वीस मिनिटांनी ओढ्याकडून शेजाऱ्याचा पोरगा ओरडला, पाणी यायला लागलं, आधी गढूळ, मग स्वच्छ.

जागा जीपीएसवर नोंदवली, शेजाऱ्याला आणि आमच्या फाइलमध्ये दोन्हीकडं. थोरल्या दिरांनी फुटलेल्या टाइलचा एक तुकडा धुऊन गाडीत ठेवला, आईला दाखवायला.